पुनरागमनाय

पूजा संपली की माझा उजवा हात आपणहून अक्षतांकडे जातो. चिमूटभर अक्षता उचलायच्या, देवावर वाहायच्या, 'पुनरागमनाय च' म्हणायचे आणि मांडलेली सुपारी किंचित उत्तरेकडे सरकवायची. देवाला निरोप देताना आपण त्याला नुसते 'जा' म्हणत नाही. पुन्हा येण्यासाठी जा, असे म्हणतो. साठ वर्षे हे करीत आल्यावर त्या हाताला डोक्याची गरज उरत नाही. मी कितीतरी काळ यालाच साधना समजत होतो. शब्द जिभेवर इतका मुरावा की तो आठवावा लागू नये, एवढीच माझी अध्यात्माची कल्पना होती. निरांजनाची वात वळताना, नीरा नदीच्या पाण्यात उतरताना, दाराची कडी काढतानाही माझ्या तोंडी काही ना काही चालू असे.

त्या मुरलेल्या शब्दाने एका बाईचे अन्न तोडले. ते कसे, आणि पुढे काय झाले, एवढेच येथे लिहायचे आहे.

मी भोरच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. निवृत्तीनंतर पौरोहित्याकडे वळलो, कारण वेल्ह्याच्या बाजूची कार्ये करणारे गुरुजी मुलांकडे पुण्यास राहावयास गेले आणि त्या खोऱ्यांतील लोकांना कोणी उरले नाही. फोन येतो, मी पंचांग पाहून दिवस सांगतो, आणि एसटीने किंवा माणसे भरून धावणाऱ्या वडाप जीपने जाऊन येतो. एक नियम मात्र मी पन्नास वर्षे पाळला होता. दुसऱ्याच्या घरचे शिजलेले अन्न घ्यायचे नाही. श्राद्धाला पितरांच्या जागी ब्राह्मण बसवून जेवू घालतात. मी त्याऐवजी शिधा घेत असे. तांदूळ, डाळ, गूळ, तूप पिशवीत घालून देत, आणि मी ती पिशवी घेऊन घरी येई. शास्त्रात त्याला आधार आहे. लोकांनाही ते ठाऊक होते, त्यामुळे कोणी आग्रह करीत नसे.

गेल्या कार्तिकात गुंजवणी धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत वर्षश्राद्ध होते. गेलेला गृहस्थ साध्या शेतकरी घरातला, साठीचा. आदल्या वर्षी भातकापणीच्या तोंडावर तो विळ्यांना धार लावून आणण्यासाठी नसरापूरला गेला. धार लावून झाली, विळे गोणपाटात गुंडाळून तो परतीच्या एसटीची वाट पाहत थांब्यावरच्या बाकावर बसला आणि तेथून उठलाच नाही. गाडी आली, गेली. लोकांना वाटले, डुलकी लागली असेल. संध्याकाळी टेम्पोतून त्याला वाडीवर आणले तेव्हा विळे त्याच्या शेजारीच ठेवलेले होते. मागे पत्नी आणि एकुलती एक मुलगी. ही मुलगी माझी विद्यार्थिनी. भोरला नातेवाइकांकडे राहून शिकली, दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, आता पुण्यात एका दवाखान्यात परिचारिका आहे. श्राद्धाला कर्ता म्हणून मृताचा धाकटा भाऊ बसला होता.

त्या दिवशी सकाळी नसरापूरच्या एका दुकानात मी सत्यनारायण सांगितला होता आणि तेथून परस्पर जीपने वाडीवर गेलो होतो. कार्य यथासांग झाले. पिंड झाले, तर्पण झाले. पितरांना निरोप देण्याची रीत निराळी असते. आपण नावगोत्र उच्चारून बोलावतो तेव्हाच त्यांनी यावे, आणि तृप्त होऊन आपल्या स्थानी जावे. 'पुन्हा या' असे मोकळे आमंत्रण त्यांना द्यायचे नसते. हे मी इतरांना शिकवले आहे. पण आरंभीच्या विष्णुपूजनाच्या अक्षता वाटीत उरलेल्या होत्या. हात तिकडे गेला, आणि पिंडांवर अक्षता पडत असताना माझ्या तोंडून स्पष्ट, चांगल्या खणखणीत स्वरात शब्द निघाले : पुनरागमनाय च.

त्या घरात संस्कृत जाणणारी एकच व्यक्ती होती. ती भिंतीशी बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

त्याच क्षणी मी थांबलो असतो, आचमन करून चूक दुरुस्त केली असती, तर पुढचे काही घडले नसते असे मी म्हणणार नाही, कोणास ठाऊक. पण मी थांबलो नाही. भर मंडळीत, जिला मी विभक्त्या शिकवल्या तिच्यासमोर, चुकलो म्हणण्याची मला लाज वाटली. मी पुढचे म्हणू लागलो, शिधा घेतला आणि दुपारच्या जीपने खाली उतरलो.

पौषात तिचा फोन आला. इकडचेतिकडचे काही न बोलता ती म्हणाली, "सर, आई जेवत नाही."

मी प्रकृतीविषयी विचारू लागलो. तिने शांतपणे सारे सांगितले. संध्याकाळची एसटी साडेपाचच्या सुमारास वाडीच्या खालच्या वळणावरून जाते. ती गेली की दहा मिनिटांनी वडील येतात, असे आई म्हणते. श्राद्ध झाले त्या संध्याकाळपासून. आई पायांवर घ्यायला पाणी ठेवते, पाट मांडते, ताट वाढते. ते बसतात, पण जेवत नाहीत. आणि लग्न झाल्यापासून नवऱ्याने हात धुतल्याखेरीज जी कधी जेवली नाही, ती आताही जेवत नाही. सकाळी ते ताट कुत्र्याला जाते. दुपारी शेतावर कोणी फारच आग्रह केला तर भाकरीचा तुकडा मोडते, बाकी चहावर दिवस काढते. दोन महिन्यांत तिच्या झंपरच्या बाह्या दंडावर लोंबू लागल्या होत्या. मुलीने पुण्याला नेण्याचा प्रयत्न केला, तर घरात माणूस येत असताना कुलूप कसे लावू, असे आईने तिलाच विचारले. हे असेच चालले तर उन्हाळा ती पाहणार नाही, हे मुलगी मला मुलगी म्हणून नव्हे, परिचारिका म्हणून सांगत होती.

तू गेलीस तेव्हा तुला काही जाणवले का, असे मी विचारले.

"मी दवाखान्यात काम करते, सर. मला काय ऐकू आलं ते विचारू नका."

मग ती म्हणाली, "दहावीला माझी चतुर्थी विभक्ती चुकली होती. तुम्ही अर्धा गुण कापलात आणि वर्गासमोर म्हणालात, विभक्ती चुकली की निरोप भलत्याच घरी जातो. तुमची विभक्ती बरोबर होती, पण निरोप भलत्या घरी गेला. आता तो तुम्हीच परत घ्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

दर्भ, काळे तीळ, तांब्याची पळी आणि नीरेचे पाणी घेऊन मी चार दिवसांनी निघालो. नसरापूरला गाडी बदलली. त्या प्रवासात एकच प्रश्न माझ्या मानेवर बसून होता. शब्दाला सामर्थ्य नसेल, तर साठ वर्षे मी केवळ आवाज करीत आलो. आणि असेल, तर हे मी केले आहे. दोहोंपैकी कोणते खरे निघावे अशी इच्छा करावी, हे मला ठरवता येईना. मार्गासनीच्या पुढे रस्त्याच्या दोहो बाजूंना कापलेल्या भाताची खाचरे कोरडी पडली होती, आणि भर दुपारी धरणाच्या पाण्यावर धुके उभे होते. पौषात असे धुके सकाळी असते. दुपारी मी ते पूर्वी पाहिले नव्हते.

फाट्यावर मृताचा धाकटा भाऊ मला न्यायला आला होता. गडी विनोदी. माझी पिशवी घेत तो म्हणाला, "गुर्जी, तुमचा मंतर लई तेज निगाला की. आता आमच्या बापाला बी बोलवा. बांधाची खूण कुठं पुरलीया, त्ये इचारायचं ऱ्हाऊन गेलं."

मी हसलो नाही. तोही मग हसला नाही. चढण चढताना त्याने हळूच सांगितले की संध्याकाळच्या गाडीनंतर तो वहिनीच्या अंगणातून जात नाही, मागच्या वाटेने घरी जातो. मला दारापर्यंत सोडून तो तसाच वळला.

घर कौलारू, पुढे पडवी, अंगण सारवलेले. त्या बाईने मला पाणी दिले तेव्हा तांब्या धरलेला तिचा हात पाहून मी नजर वळवली. चेहरा मात्र प्रसन्न होता. आजारी माणसाचा नव्हे, पाहुणा यायचा आहे अशा घरातल्या बाईचा. मी पडवीत बसलो आणि जे कार्तिकात करायला हवे होते ते केले. माझी चूक तिला सांगितली. मी कोणता शब्द म्हणालो, त्याचा अर्थ काय, तो तेथे का म्हणायचा नसतो, सगळे. चुकून बोलावले गेले आहे, आता योग्य शब्दांनी निरोप देण्यासाठी आलो आहे, असे म्हणालो.

तिने ऐकून घेतले.

"चूक कसली, गुर्जी? त्या दिशी जाताना येतो म्हणूनच गेलं हुतं. तुमी या म्हणलं, आलं." पदर सारखा करून ती पुढे म्हणाली, "फकस्त जेवत न्हाईत. आवडीचं समदं करून बघितलं. तुमी शिकलेलं हायसा, तुमीच सांगा काय कमी पडतंय."

मी म्हणालो की मृतांना आपल्या अन्नाची वासना उरू नये, त्यांना मोकळे करण्यातच त्यांचे हित असते. हे वाक्य मी अनेक घरांत उच्चारले आहे.

"म्हंजी उपाशीच घालवणार व्हय?" ती म्हणाली.

ती चुलीशी गेली. पावट्याच्या आमटीचा आणि भाकरीचा वास येऊ लागला. मी दर्भ मोकळे केले, पळीत पाणी घेतले, तीळ हातावर घेतले आणि म्हणावयाची वचने मनात एकदा घोळून घेतली. सारी नीट आठवत होती. पडवीतून आतला पाट दिसत होता. तिने तो भिंतीशी, दाराकडे तोंड करून मांडला होता. जमीन उंचसखल असल्यामुळे त्याचा एक कोपरा बोटभर उचललेला राहत होता. समोर ताट, शेजारी पाण्याचा लोटा.

ऊन मावळतीच्या डोंगराआड गेले. खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला, इंजिनाचा आवाज चढणीला घरघरत लांब गेला, आणि मग वाडीत कोणताच आवाज उरला नाही. पाखरेही बोलत नव्हती.

अंगणात घरचे कुत्रे झोपले होते. ते उठले, भुंकले नाही, शेपटी हलवीत उताराकडे गेले आणि दिसेनासे झाले. थोड्या वेळाने ते परत वर आले. धावत नव्हे, सावकाश. दमलेल्या माणसाच्या बरोबरीने चढावे तसे, दोन पावले चालून थांबत, पुन्हा दोन पावले चालत, आणि सबंध वेळ मान वर करून आपल्या उजवीकडे पाहत. तेथे कोणी नव्हते. पडवीच्या पायरीशी आल्यावर ते बाजूला झाले, जणू आधी दुसऱ्याला वर जाऊ देत आहे. माझ्या शेजारून काही गेले असे मी लिहिणार नाही. वारा नव्हता, एवढे लिहितो. आणि आतल्या पाटाचा उचललेला कोपरा 'टक' असा जमिनीला टेकला.

"आलं," ती चुलीपासून म्हणाली आणि तिने आमटी वाढली.

आता माझे काम होते. मी पळी उचलली. आणि माझ्या तोंडात शब्द नव्हता. भीतीने विसरलो असे वाटत नाही, कारण भीती नंतर आली. जिभेवर साठ वर्षे मुरलेले सारे कोणीतरी पुसून घेतल्यासारखे झाले होते. पहिले अक्षरही येईना. मी पाट पाहत होतो, ताट पाहत होतो, आणि ती बाई ताटाशेजारी बसून वाट पाहत होती. तिचे मनगट मांडीवर पडले होते. काय कमी पडते आहे, हे तिने मला विचारले होते. आणि शब्द निघून गेल्यामुळेच की काय, मला ते दिसले.

श्राद्धाच्या दिवशी या माणसाच्या जागी बसून कोणी जेवलेच नव्हते. ज्याने जेवायचे, तो शिधा पिशवीत घालून जीपने निघून गेला होता. आमंत्रण देऊन पान रिकामे ठेवले गेले होते, आणि ते मी ठेवले होते.

मी पळी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि आत गेलो. दिवेलागणीला श्राद्धान्न घेत नाहीत, हे मला ठाऊक होते. सोवळे नव्हते. मी त्या पाटावर बसलो. पाट आधीच टेकलेला होता. मी बसल्यावर तो हलला नाही.

श्राद्धाला ब्राह्मणाच्या रूपाने पितर जेवतात, असे मी तिला सांगणार होतो, पण सांगावे लागले नाही. मी भाकरी मोडली. मी एकभुक्त माणूस, संध्याकाळी दूधपोहे घेतो. त्या संध्याकाळी मी एक भाकरी संपवली, दुसरी संपवली, आणि माझी भूक वाढत चालली. ती भूक माझ्या ओळखीची नव्हती. दिवसभर विळा चालवलेल्या माणसाला लागावी तशी ती खांद्यांतून आणि पाठीतून येत होती. तिसरी भाकरी हातात असताना मी मान वर न करता बोललो. जे बोललो ते मी आधी ऐकले आणि मग ते माझ्याच तोंडून आले आहे हे मला कळले.

"आन् कांदा न्हाई व्हय?"

मी जन्मात कांदा खाल्लेला नव्हता. 'न्हाई' असेही मी कधी म्हटलेले नव्हते. तसे म्हणणाऱ्या मुलांना मी वर्गात हटकीत असे.

ती जागची हलली नाही. चुलीतले लाकूड तेवढे तडकले. मग तिने अगदी रोजच्या आवाजात म्हटले, "इसरलेच बगा," फळीवरून कांदा घेतला, जमिनीवर ठेवून बुक्कीने फोडला आणि ताटात वाढला. मी तो खाल्ला. तिखट लागला नाही. ताटात चतकोर भाकरी आणि थोडी आमटी उरली तेव्हा भूक एकाएकी थांबली. मी हात धुतला.

मी उठताना पाटाचा कोपरा पुन्हा वर उचलला गेला. खांबाला धरून मी पडवीत आलो. मागे वळून पाहिले तर तिने ते ताट स्वतःपुढे ओढून घेतले होते. माझे उष्टे आहे, म्हणून मी तिला थांबवायला हवे होते. पण ते कोणाचे उष्टे आहे, हे माझ्यापेक्षा तिला अधिक ठाऊक असावे. तिने उरलेला चतकोर खाल्ला. मग टोपल्यातून आणखी एक भाकरी घेतली, तीही संपवली, आणि ताट आमटीसकट बोटाने पुसून घेतले.

सात वाजता दुधाचा टेम्पो खाली जातो. त्याने मी नसरापूरला आलो. वाटेत चालकाने दोनदा विचारले, गुर्जी, थंडी वाजते का.

पुढे माघात मुलीचा फोन आला. आई दोन्ही वेळा जेवते. पुण्याला यायला अजून तयार नाही, पण आता कारण म्हणून म्हशीचे नाव सांगते. संध्याकाळी कोणी येत नाही, असे ती सांगते. मुलीने मला विचारले की मी कोणता मंत्र म्हटला. मी कोणताच म्हटला नाही, असे खरे ते सांगितले. तिचा विश्वास बसला असे वाटले नाही.

त्यानंतर माझी पूजा सावकाश झाली आहे. प्रत्येक शब्दापाशी थांबून, तो कोणाला उद्देशून आहे हे पाहून मगच तो उच्चारतो. सकाळची पूजा संपायला आता ऊन अंगणात येते. शिधा घेणे सोडले आहे. जेथे श्राद्ध सांगतो तेथे पानावर बसतो. आप्तांना हे रुचलेले नाही. परान्न, अवेळी भोजन आणि निषिद्ध कांदा, या सर्वांचे प्रायश्चित्त मी घ्यावे असे एका स्नेह्याने शास्त्र काढून दाखवले. त्यांचे बरोबर आहे. एकदा मी त्यासाठी पहाटे बसलोही. पाणी सोडण्यापूर्वी संकल्पात आपले नावगोत्र उच्चारून, हे कर्म मजकडून घडले, असे म्हणावे लागते. मी नाव उच्चारले, गोत्र उच्चारले, आणि हातात पाणी घेऊन तसाच थांबलो. ते जेवण माझ्याकडून घडले, असे देवासमोर मला म्हणता आले नाही. पाणी तुळशीला घातले आणि उठलो.